सातबाऱ्याची किल्ली आपल्याच हाती
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापूस काट्यावर चढला की आपण डोळ्यांत तेल घालून उभे राहतो. मग मोबाइलवर सरकारी पैसे भरताना डोळे का मिटायचे?

डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या पोर्टलवर १५ रुपयांत मिळतो. त्यावर तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज नाही. पण आधी ब्राउझर अद्ययावत करा. कुणी पाठवलेली लिंक दाबू नका, पत्ता स्वतः टाइप करा.

पत्त्याआधी ‘एचटीटीपीएस’ हवेच. पण त्याने एवढेच कळते, की वाटेत कुणी वाचणार नाही. पलीकडे सरकार आहे की ठग, ते त्यातून कळत नाही. म्हणून पहिल्या तिरप्या रेघेआधी पत्ता ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ने संपतो का, ते पाहा. ब्राउझरने धोक्याची सूचना दिली, तर तिथेच थांबा.

दुसऱ्याच्या संगणकावर पासवर्ड साठवू नका, काम झाले की लॉगआउट करा. ओटीपी कुणालाही सांगू नका. पैसे गेलेच, तर लाजू नका. ताबडतोब १९३० वर फोन करा.

जमीन आपली, सातबारा आपला. त्याची किल्ली परक्याच्या हाती का द्यायची?