जुन्या फियाटची पुढची चाकं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला तीन अटी घातल्या आहेत. स्वतःच्या कामाबद्दल बोल, वीस मिनिटांत संपव आणि फार तांत्रिक बोलू नकोस. पहिल्या दोन पाळतो. तिसरीबद्दल शब्द देत नाही, कारण माझं काम जुन्या गाड्यांचं आहे आणि आज मी फक्त त्यांच्या पुढच्या दोन चाकांबद्दल बोलणार आहे.

विषय मी निवडला नाही, तुम्हीच दिलात. गेल्या काही महिन्यांत आपल्यातल्या बऱ्याच जणांनी फोन करून एकच प्रश्न विचारला: "घरी वडिलांची फियाट उभी आहे, मुलाला ती रस्त्यावर आणायची आहे. पुढचं सस्पेन्शन अपग्रेड करायचंय, काय बसवू?" प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांनी उत्तर दिलं. आज सगळ्यांना एकदम देतो.

आधी गाडीची ओळख. मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होत असे. 1964 पासून तिचं नाव फियाट 1100 डिलाइट होतं, 1974 पासून ती प्रीमियर पद्मिनी झाली. आपण मात्र शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणालो. बल्लाळेश्वराच्या दर्शनाला मुंबईहून आलेली, टपावर सामान बांधलेली फियाट आपल्यापैकी कोणी पाहिली नाही असं होणार नाही. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर 2023 मध्ये ती रस्त्यावरून गेली. टॅक्सी गेल्या तसे त्यांचे सुटे भाग दुर्मिळ झाले आणि ते बसवणारे हातही कमी झाले. म्हणून आता उरलेल्या गाड्यांचं काय करायचं, हे नीट ठरवायला हवं.

आता थोडी भूमिती. भूमितीच्या तासाला मी मागच्या बाकावर असायचो हे इथले सर विसरले नसतील, पण पोटापाण्यासाठी ती शिकावी लागली. फियाटचं पुढचं प्रत्येक चाक दोन आर्मवर टांगलेलं असतं, एक वर, एक खाली. बॉडीची बाजू, दोन आर्म आणि चाकाची बाजू मिळून एक चौकोन होतो. त्याचे चारही कोन हलते. समजा दोन्ही आर्म सारख्या लांबीचे आणि समांतर ठेवले, तर हा समांतरभुज चौकोन झाला. सरळ रस्त्यावर खड्डा आला तर चाक सरळच वर-खाली होईल. पण वळणावर गाडीचं अंग कललं की चाकही तितकंच कलेल आणि टायरची एकच कड रस्त्याला टेकेल. म्हणून वरचा आर्म आखूड ठेवतात. मग चाक वर जाताना त्याचा माथा किंचित आत येतो, आणि अंग बाहेर झुकलं तरी टायर रस्त्यावर बराचसा सपाट राहतो. यालाच कॅम्बरचं गणित म्हणतात.

आपल्या भागातल्या जुन्या महिंद्रा जीपला हा चौकोन नव्हता. तिचा पुढचा ॲक्सल एकसंध आणि खाली कमानपाटे. एक चाक दगडावर चढलं की दुसरंही कलायचं. सुधागडच्या पायथ्याच्या वाटांना ती मजबुती कामाची होती, पण सरळ रस्त्यावर वेग वाढला की चालकाचे हात दुखायचे. महिंद्रानेच 2010 च्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन टॉर्शन बारवर दिलं आणि 2020 च्या थारला दोन आर्म आणि कॉइल स्प्रिंग. म्हणजे आपल्या फियाटच्या पुढच्या चाकांत जी रचना 1964 पासून आहे, त्याच जातीची रचना आजच्या थारच्या पुढे आहे. तेव्हा जुनी म्हणून तिला कमी लेखू नका.

मुलं मोबाइलवर अमेरिकन मसल कारचे व्हिडिओ पाहतात आणि तिथूनच अपग्रेड हा शब्द घरात येतो. मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या कौटुंबिक गाडीत मोठं इंजिन. 1964 च्या पॉन्टियाक जीटीओमध्ये 6.4 लिटरचं इंजिन होतं. आपल्या फियाटचं इंजिन 1089 सीसीचं. सहा फियाटींच्या इंजिनांची भर घातली तर एक जीटीओ होईल. त्या गाड्यांत इंजिन पैलवानाचं आणि पुढची चाकं, ब्रेक मात्र साध्या गाडीच्या तोलाचे, म्हणून तिकडे पुढचं सस्पेन्शन बदलण्याचा मोठा धंदा उभा राहिला. पण त्यातली एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. 1965 च्या शेल्बी मस्टँगला वळणावर पकड वाढवायची होती. वरच्या आर्मची बॉडीवरची जागा फक्त एक इंच खाली घेतली. त्याने चौकोनाचा कोन बदलला आणि चाक वळणावर अधिक सरळ राहू लागलं. तेवढ्या एका इंचामागे चौकोनाचा पुरा हिशेब होता.

आपल्याकडे नेमकं उलटं होतं. गॅरेजमध्ये सगळ्यात पहिलं अपग्रेड म्हणजे स्प्रिंगचा वेढा कापणं किंवा जाड तारेची स्प्रिंग घालणं. त्याचं गणित ऐका. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. 12 मिलिमीटरऐवजी 13 ची तार घेतली, वेढे आणि व्यास तेच ठेवले, तर स्प्रिंग सुमारे 38 टक्के कडक होते. एका मिलिमीटरचा हा परिणाम. आठ वेढ्यांपैकी एक कापला तर सात उरतात आणि कडकपणा 14 टक्के वाढतो. शिवाय स्प्रिंग आर्मच्या मधोमध बसत असेल तर ती एक सेंटिमीटर आखूड केली की गाडी दोन सेंटिमीटर खाली बसते. गाडी खाली बसली की आर्मचा कोन बदलतो, कॅम्बर बदलतो, टो बदलतो. वेढा कापणारा यातलं काहीच मोजत नाही.

कडक म्हणजे चांगलं, हा समज कुठून आला माहीत नाही. रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये गेलेल्या मॉरिस ओली या अभियंत्याने 1930 च्या दशकात यावर प्रयोग केले. आरामदायी प्रवासी गाडीचं अंग सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा डोलतं, आपल्या चालण्याच्या लयीच्या आसपास. आणि पुढची बाजू मागच्या बाजूपेक्षा किंचित सावकाश डोलायला हवी, असं त्यांना आढळलं. कारण खड्डा आधी पुढच्या चाकांना लागतो, मागच्यांना नंतर. मागची बाजू जरा जलद असेल तर ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी सपाट राहते. फक्त पुढच्या स्प्रिंगा कडक केल्या की ही लय मोडते आणि गाडी घोड्यासारखी पुढे-मागे झुलते. मुंबईच्या टॅक्सींच्या डिकीत सीएनजीची टाकी आली तेव्हा ही लय दुसऱ्या बाजूने मोडली. मागे वजन वाढलं, नाक वर झालं आणि स्टिअरिंग हलकं पडलं.

मग करायचं काय? माझं सांगणं एवढंच आहे: गाडी जशी बनवली होती तशी आधी करा, ती तशी चालवून पाहा, आणि मगच बदलाचं बोला. पन्नास वर्षांची गाडी कशी चालते हे आपल्याला मुळी माहीतच नसतं. आपण झिजलेली गाडी चालवतो आणि दोष आराखड्याला देतो.

तपासणी घरी करता येते. पुढची बाजू जॅकवर उचला आणि खाली घोडी लावा. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली जायचं नाही, हे मी इथे पुन्हा सांगतो. चाक वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर हबचं बेअरिंग सैल आहे, राहिला तर किंगपिन किंवा आर्मचे बुश गेले आहेत. मग नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवा, तिथला खेळ बहुधा टायरॉड एंडचा किंवा स्टिअरिंग बॉक्सचा. शॉकॲब्सॉर्बरसाठी गाडीचा कोपरा दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक, डोलत राहिली तर त्यात जीव नाही. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते, डोलणं थांबवायचं काम शॉकॲब्सॉर्बरचं. तो मेलेला असताना स्प्रिंग कडक करणं म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर बदलणं.

दुरुस्तीत दोन गोष्टी मिस्त्रीला आवर्जून सांगा. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, तिचं वजन खाली असताना शेवटचे आवळायचे. हवेत लटकत्या आर्मवर आवळले तर गाडी खाली येताच रबराला पीळ पडतो आणि तो लवकर फाटतो. दुसरं ग्रीसिंगचं. आपल्याकडे अंबा नदीच्या पाण्यातून, चिखलातून गाडी गेली की ग्रीस धुऊन जातं. पावसाळ्यात दर महिन्याला निपलमधून नवं ग्रीस भरा, जुनं काळं बाहेर येईपर्यंत. आणि कॉइल स्प्रिंग स्वतः काढू नका. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये शेकडो किलोंचा जोर असतो आणि ती सुटली तर माणूस जातो.

एवढं झाल्यावर अलाइनमेंट. कॅस्टर म्हणजे सायकलच्या पुढच्या फोर्कचा तिरपेपणा, त्यामुळे हात सोडला तरी चाक सरळ होतं. तो बिघडला की गाडी रस्त्यावर भटकते आणि लोक म्हणतात, जुन्या गाड्यांचं असंच असतं.

यानंतरही काही नवं हवं असेल तर माझा क्रम असा. पहिले टायर. या गाड्या क्रॉसप्लाय टायरच्या काळातल्या. चांगले रेडियल घाला, पण चारही एकाच जातीचे. मग दर्जेदार शॉकॲब्सॉर्बर. मग ब्रेक. चारही चाकांना ड्रम असलेली गाडी बोरघाटातून खोपोलीला उतरवताना सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ड्रम तापतात आणि पकड जाते. खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या जोरावर उतरणं हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय. दुसऱ्या गाडीचे डिस्क ब्रेक बसवतात, पण त्याबरोबर मास्टर सिलिंडर आणि मागच्या ब्रेकचा तोल जुळवावा लागतो. नाहीतर जोरात ब्रेक मारला की चाकं भलत्याच क्रमाने अडतात.

आता खरा अडचणीचा मुद्दा. आपल्यातल्या एका मित्राकडे 1972 ची फियाट आहे. मुलाला तिच्यात मोठं इंजिन, रुंद चाकं आणि त्याला पेलेल असं पुढचं सस्पेन्शन हवं आहे. त्यासाठी पुढची बॉडी कापावी लागेल. वडील म्हणतात, आजोबांच्या गाडीला हात लावायचा नाही. घरात अबोला आहे.

2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपात जपलेली गाडी विंटेज म्हणून नोंदता येते. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा, ही अट. शुल्क 20,000 रुपये, नोंदणी दहा वर्षांची, आणि गाडी रॅली, प्रदर्शन, देखभाल अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणायची. रोजच्या वापराला नाही. फियाटला वेगळी चॅसिस नाही, बॉडीच तिचा कणा आहे. तो कापला की हा दरवाजा कायमचा बंद. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे, नोंदणी पुस्तकातल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते.

म्हणून मी दोघांनाही सांगितलं की बोल्ट उघडून परत जुनं बसवता येईल, तेवढंच बदला. शॉकॲब्सॉर्बर, बुश, टायर या यादीत बसतात. काढलेले जुने भाग तेल लावून, कागदात गुंडाळून, नाव लिहून माळ्यावर ठेवा. काय काढलं, काय घातलं याची वही ठेवा. मुलाला चालवायला धड गाडी मिळते, वडिलांना त्यांच्या वडिलांची गाडी मिळते, आणि तिसऱ्या पिढीला निवडीचं स्वातंत्र्य राहतं. कापलेला पत्रा मात्र कोणालाच परत मिळत नाही. काम सध्या किंगपिनपर्यंत आलं आहे, आणि बापलेक दोघंही रविवारी गाडीखाली असतात, एवढं सांगायला हरकत नाही.

ज्यांच्या घरी अशी गाडी उभी आहे त्यांनी आज जाण्यापूर्वी मला भेटा. निदान गाडीखाली घोडी लावून टायरवरचं वजन काढा आणि उंदरांनी वायरी खाल्ल्यात का ते पाहा. बाकीचं आपण बघू.

समांतरभुज चौकोनाचा उपयोग काय, असं मी एकदा वर्गात विचारलं होतं. सरांनी उत्तर न देता आकृती पुन्हा काढायला लावली. ती आकृती अजून रोज काढतो, सर. त्याबद्दल मनापासून आभार.