भांड्यावरचं नाव

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण)



मागच्या बैठकीत मी तुम्हाला एक काम दिलं होतं. घरात अजून रोज वापरतो, पण आपल्या वयापेक्षा जुनी आहे, अशी एक वस्तू घेऊन या. आज या सतरंजीवर बघा काय काय जमलंय. अडकित्ता, काशाची वाटी, विळी, खलबत्ता, पितळी डबे. एका आजींनी तर वाकळ आणलीय, आत त्यांच्या सासूचं लुगडं आहे म्हणतात. पाटा उचलत नाही म्हणून एका काकूंनी नुसताच वरवंटा आणलाय!

जुनं ते सगळं चांगलं, असं मी म्हणणार नाही. पहाटे उठून जातं ओढायचं ज्यांच्या नशिबी होतं, त्यांना विचारा. गिरणी आली, बायकांची कंबर वाचली. पण जे अजून कामाचं आहे, त्याचा विचार करूया.

मी आणलाय हा तांब्या. आमच्या घरी पाणी यातूनच पितात. याच्या गळ्यावर आजीचं नाव कोरलंय, खाली गाव आणि साल १९६८. आजीच्या लग्नातला आहे. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण गावात कुणाचं लग्न असलं, की घरोघरची भांडी एकत्र व्हायची. कार्य उरकल्यावर त्या ढिगातून आजी नुसतं बोट फिरवून आपलं भांडं काढायची. नाव तिला बोटाला कळायचं.

याच्याबरोबर तांब्याचं घंगाळ होतं, पितळेचा हंडा होता. माझ्या कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी फी भरायला पैसे कमी पडले. आईनं दोन्ही बाजारात नेलं, मी पण सोबत होते. दुकानदारानं वजन केलं आणि मोडीचा भाव लावला. नाव कोरलेलं होतं, त्याचे काही पैसे येत नाहीत. घरी आल्यावर आजी म्हणाली, "पोरगी शिकतीय, भांड्याचं काय एवढं!" पण रात्री तिनं हा तांब्या उचलून स्वतःच्या उशाशी ठेवला.

तेव्हा मला काही कळलं नाही. समाजकार्य शिकायला लागल्यावर कळलं. आमचं घर आजोबांच्या नावावर, त्यांच्यानंतर वडील आणि काकांच्या. पन्नास वर्षं आजीनं ते घर सारवलं, पण तिचं नाव लिहिलेलं होतं ते फक्त भांड्यांवर. त्यातली दोन आम्ही मोडीत घातली, माझ्या शिक्षणासाठी. म्हणून आज हे बोलणं माझ्यावर कर्ज आहे, असं मी समजते.

कायदा काय म्हणतो, तेही ऐका. हिंदू वारसा कायदा १९५६, कलम १४. लग्नाच्या आधी, लग्नात किंवा नंतर बाईला जे भेट म्हणून मिळालं, ते भांडं असो, दागिना असो की जमीन, ते पूर्ण तिच्या मालकीचं. तिला न विचारता ते विकायचा हक्क नवऱ्यालाही नाही आणि सासऱ्यालाही नाही.

आता माझं मागणं तीन गोष्टींचं आहे.

पहिली गोष्ट, भांडी माळ्यावर टाकू नका, वापरा. पितळेत ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली की कळकते, म्हणून तर कल्हई करायची. कल्हईवाला भांडं निखाऱ्यावर तापवतो, नवसागर टाकतो आणि कथिलाचा पातळ थर आतून फिरवतो. तो थर उडाला असेल, तर कल्हई होईपर्यंत त्यात स्वयंपाक करू नका, कोरडं धान्य ठेवा. तुम्ही म्हणाल, कल्हईवाला आता येतो कुठं? दोन भांड्यांसाठी नाहीच येणार. पण सगळ्या गटांनी मिळून शंभर भांडी एका दिवशी काढली, तर का नाही येणार? तो दिवस आज ठरवूया.

दुसरी गोष्ट, अडचण आली तर मोडीच्या दुकानाआधी गटात या. फी असो, दवाखाना असो, अंतर्गत कर्ज त्यासाठीच आहे. माझी आई तेव्हा कुठल्याच गटात नव्हती. तुम्ही आहात. कर्ज हप्त्यानं फिटतं, मोडीत गेलेलं भांडं परत येत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ग्रामपंचायतीत जाऊन आपल्या घराचा नमुना ८ चा उतारा काढा आणि बघा, त्यावर कुणाचं नाव आहे. नवऱ्याच्या जोडीला बायकोचं नाव लावायला अर्ज करता येतो. घरकुल मंजूर होणार असेल, तर ते दोघांच्या किंवा बाईच्या नावावर घेता येतं. अर्ज लिहायला मी बसते तुमच्यासोबत.

आपल्या आयांनी भांडं घेताना नाव घालायला कासाराला बजावून सांगितलं होतं. भांड्यावर नाव लागतं, मग घरावर का नको?

पुढच्या बैठकीला वस्तू नको, उताऱ्याची प्रत घेऊन या. आणि हो काकू, वरवंटा विसरू नका, रात्री चटणी वाटायचीय ना!