फवारणीचे विष आणि कायद्याची मापे

अमरावती-अकोल्याच्या कपाशीवर जे विष फवारले जाते, त्याचे नियमन कीटकनाशक अधिनियम, १९६८ आणि त्याखालचे १९७१ चे नियम यांनी होते. त्यानंतर जगात दोन महत्त्वाचे करार झाले. घातक रसायनांच्या व्यापारावरील रॉटरडॅम करार १९९८ चा, तर पर्यावरणात टिकून राहणाऱ्या सेंद्रिय प्रदूषकांवरील स्टॉकहोम करार २००१ चा. भारत त्यांत अनुक्रमे २००५ व २००६ मध्ये सामील झाला. मात्र करार मान्य केला म्हणजे तो आपोआप देशाचा कायदा होत नाही. संविधानाच्या अनुच्छेद २५३ नुसार त्यासाठी संसद कायदा करू शकते. कीटकनाशकांच्या बाबतीत मूळ कायदा जुनाच राहिला आणि बदल आले ते एकेका अधिसूचनेने. मोनोक्रोटोफॉस रॉटरडॅमच्या यादीत असूनही त्याच्या ३६ टक्के द्रावणावरील बंदीचा आदेश निघायला २०२३ साल उजाडले.

या विलंबाची किंमत २०१७ च्या खरिपात दिसली. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. अकोला-अमरावतीकडेही रुग्ण आढळले. कपाशी डोक्याएवढी वाढली होती, बोंडअळीमुळे फवारण्या वाढल्या होत्या, आणि दोन-तीन औषधे एकत्र करून मारली जात होती. फवारा तोंडावर येत होता. राज्य सरकारने काही उत्पादनांची विक्री थांबवली, पण कलम २७ खाली राज्याला अशी बंदी ६० दिवसांपुरतीच घालता येते, फार तर आणखी ३० दिवस वाढवता येते. कायमची बंदी केंद्राच्या हाती. कपाशीचा हंगाम त्याहून बराच लांब असतो.

खरी तफावत मात्र मोजण्याच्या पद्धतीत आहे. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण प्राण्यांवरील चाचणीतील विषारीपणा सांगतो. संरक्षक कपडे, हातमोजे, मुखवटा यांची तरतूद १९७१ च्या नियमांत आहे. ऑक्टोबरच्या उन्हात रोजाने फवारणी करणाऱ्या मजुराला ती घालून काम करता येईल का, हा प्रश्न त्यात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची आचारसंहिता हाच प्रश्न आधी विचारते. ज्या औषधासाठी त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी साधने लागतात, ते टाळावे, विशेषतः उष्ण प्रदेशातील छोट्या शेतकऱ्यांनी, असे ती सांगते. ही संहिता बंधनकारक नाही, पण वऱ्हाडासाठी तिच्याइतके नेमके माप दुसरे नाही.

युरोपीय संघाचे प्रादेशिक मानक खाणाऱ्याकडे पाहते: वेगळी मर्यादा ठरलेली नसेल तेथे शेतमालातील अवशेष किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. त्यामुळे निर्यातीच्या फळाची तपासणी काटेकोर होते. फवारणाऱ्याच्या शरीरात किती विष गेले, ते या तपासणीत येत नाही.

रॉटरडॅम करारात त्यासाठी एक वाट आहे. विकसनशील देश प्रत्यक्ष शेतातील विषबाधेच्या नोंदींवरून एखादे अतिघातक मिश्रण यादीत घालण्याचा प्रस्ताव देऊ शकतो. त्यासाठी उत्पादनाचे नाव, वापराची रीत, लक्षणे आणि उपचार यांची नोंद लागते. आपल्या अधिनियमाचे कलम २६ राज्य सरकारला विषबाधेच्या घटना कळवणे बंधनकारक करण्याचा अधिकार देतेच. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदीत केवळ ‘विषबाधा’ न लिहिता औषधाचे नाव, डब्यावरील घटक आणि मिश्रण लिहिले, तर नव्या कायद्याची वाट न पाहताही ही माहिती दिल्लीमार्गे कराराच्या समितीपर्यंत जाऊ शकते.