'स्मारक' या शब्दाचा अर्थ

(जीर्णोद्धार सोहळ्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवळाचे काम पुरे होऊन कळस चढला, की "गावाचे स्मारक उभे राहिले" असे सहज म्हटले जाते. स्मारक म्हणजे मोठी वास्तू, पुतळा किंवा उंच चौथरा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. शब्दाचे मूळ पाहिले तर मात्र त्यात दगडही नाही आणि उंचीही नाही.

संस्कृतमध्ये 'स्मृ' या धातूचा अर्थ आठवणे. त्यापासून स्मरण व स्मृती हे शब्द झाले. आठवण करून देते ते स्मारक. वारकऱ्यांचे नामस्मरण आणि या सोहळ्याची स्मरणिका हे शब्दही त्याच घरातले. इंग्रजी 'मॉन्युमेंट' हा शब्द लॅटिनमधून आला. त्याच्या मुळाशी 'मोनेरे' हे क्रियापद आहे. त्याचे अर्थ दोन: आठवण करून देणे आणि सावध करणे. लंडनमध्ये १६६६ साली भीषण आग लागून शहराचा मोठा भाग भस्मसात झाला. त्याची आठवण म्हणून १६७१ ते १६७७ या काळात २०२ फूट उंचीचा स्तंभ उभारला गेला. त्याचे नावच 'मॉन्युमेंट'. तो विजयस्तंभ नव्हे, संकटाची आणि त्यातून सावरल्याची ती खूण आहे.

महाराष्ट्रातील पूर्वजांनी हे दोन्ही अर्थ दगडात कोरून ठेवले आहेत. देवळाच्या आवारात किंवा वेशीजवळ आढळणारा वीरगळ हा आठवण देणारा दगड. गुरे राखताना किंवा गावासाठी लढताना पडलेल्या वीराचा तो असतो. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा असा त्याचा नेहमीचा क्रम. माथ्यावर पुष्कळदा चंद्रसूर्य असतात. ते आहेत तोवर आठवण राहावी, हा त्यामागचा भाव. गधेगाळ हा सावध करणारा दगड. दान दिलेली जमीन कोणी बळकावू नये म्हणून त्यावर शापवाणी आणि गाढवाचे चित्र कोरीत. म्हणजे दानपत्राबरोबरच दिलेली ती ताकीद होय.

देणगीदारांना विशेष जवळचे वाटावे असे उदाहरण पंढरपूरचे आहे. विठ्ठल मंदिरातील चौऱ्यांशीचा शिलालेख ही देणगीदारांचीच यादी आहे. शके ११९५, म्हणजे इ. स. १२७३ पासून पुढील काही वर्षांच्या नोंदी त्यात आहेत. यादव राजा रामचंद्रदेव आणि हेमाद्री यांच्याबरोबर सामान्य भक्तांची नावेही त्यावर आली. पुढे या शिळेला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी श्रद्धा रूढ झाली. श्रद्धा मोठीच, पण ज्या दगडाने नावे सांभाळली त्याचीच अक्षरे त्यामुळे झिजली.

भारत सरकारच्या १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्यातही स्मारकाला उंचीची अट नाही. ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलेच्या दृष्टीने महत्त्वाची आणि किमान १०० वर्षे जुनी वास्तू, लेणे, शिलालेख, एवढेच काय एकसंध शिळाही त्याच्या व्याख्येत बसते.

म्हणून जीर्णोद्धाराच्या आनंदात एका गोष्टीचा विसर पडता कामा नये. जुने देऊळ उतरवताना निघालेले कोरीव दगड पुष्कळ गावांत पायरीला लागतात, धुणे धुण्याच्या कामी येतात किंवा फरशीखाली कायमचे गाडले जातात. काही ठिकाणी भक्तिभावानेच त्यांवर ऑइलपेंटचे थर चढतात आणि अक्षरे बुजतात. नवे काम पैशाने पुन्हा करता येते. पुसलेले अक्षर कितीही वर्गणी जमवली तरी परत येत नाही.

यासाठी फार खर्च नको. असे दगड आवारात एका ओट्यावर उभे करावेत. कोणता दगड कोठे सापडला याची नोंद समितीच्या वहीत तारखेसह ठेवावी. त्यांवर रंग लावू नये, छिन्नी चालवू नये. लेख असल्यास त्याचे छायाचित्र घेऊन जाणकाराकडून वाचून घ्यावा आणि शाळेतील मुलांना तो अर्थासह सांगावा. आजच्या देणगीदारांच्या नावांची पाटीही त्याच आवारात बसते. जुन्या नावांचा मान आज राखला गेला, तरच पुढची पिढी या नावांचा मान राखील.

देवळात देवाचे स्मरण घडावे आणि आवारात पूर्वजांचे. असे दुहेरी स्मारक या गावात अखंड नांदो, हीच श्रीचरणी प्रार्थना.