सहा पेन्सांचे स्मारक
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



आनंदाच्या दिवशी एका बुडालेल्या आगबोटीची हकीकत सांगतो, याबद्दल प्रथमच क्षमा मागतो. तिचा शेवट मात्र आजच्या प्रसंगाला धरून आहे.

'प्रिन्सेस ॲलिस' ही दोन्ही बगलांना चाके असलेली आगबोट १८६५ साली स्कॉटलंडात बांधली गेली. तिचे पहिले नाव 'ब्यूट'. पुढे ती लंडनला विकली गेली आणि थेम्स नदीवर सहलीची बोट झाली. १८७३ मध्ये इराणचे शहा नासिरुद्दीन तिच्यातून गेले, म्हणून लोक तिला 'शहाची बोट' म्हणत. पण तिचे रोजचे उतारू म्हणजे साधी कष्टकरी माणसे व त्यांची बायकामुले. लंडन ब्रिजजवळ चढावे, रोशरविलच्या बागेत हिंडावे, शीअरनेसला समुद्राची हवा खावी आणि वाद्ये ऐकत रात्री घरी परतावे, एवढीच त्यांची चैन.

३ सप्टेंबर १८७८ रोजी परतताना वूलिचजवळ 'बायवेल कॅसल' ही कोळशाच्या व्यापारातील मोठी बोट तिच्यावर आदळली. चार-पाच मिनिटांत सारे संपले. शहराचे सांडपाणी थोड्याच वेळापूर्वी तेथे नदीत सोडलेले होते आणि पोहता येणारे फार थोडे. सहाशेंहून अधिक माणसे गेली. नेमकी किती, हे आजही सांगता येत नाही. कारण उतारूंची यादीच नव्हती. ओळख न पटलेल्या १२० जणांना वूलिचच्या दफनभूमीत एकत्र पुरले. तेथे उभा असलेला दगडी क्रूस २३,००० हून अधिक लोकांनी प्रत्येकी सहा पेन्स वर्गणी देऊन उभारला. ज्यांची मोजदाद जिवंतपणी कोणी ठेवली नाही, त्यांची आठवण अशा लहान रकमांनी राखली.

मी शिक्षक. मुलांना सहलीला नेतो, तेव्हा फेरीबोटीत चढताना एकदा आणि उतरल्यावर एकदा मोजतो. मुले हसतात, हसू देत.

आपल्या न्यासाच्या जुन्या वह्यांत रुपया-दोन रुपये देणाऱ्यांचीही नावे आहेत. १९९५ सालच्या एका पानावर शाळेच्या पुस्तकांसाठी एका मुसलमान मुलाला दिलेल्या मदतीची नोंद आहे. तो मुलगा मीच. त्या वह्यांना आता कसर लागली आहे. नव्या इमारतीच्या खर्चातून थोडी रक्कम त्यांच्या जपणुकीसाठी काढावी, एवढीच विनंती करतो व आपली रजा घेतो.