मयताच्या दाखल्यात नसलेला रकाना
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषणाचा मजकूर)



अशा समारंभात शिक्षकाने निकालाच्या टक्केवारीवर बोलावे अशी रीत आहे. ते काम मुख्याध्यापकसाहेबांनी अहवालात केलेच आहे. मी आज निराळ्याच आकड्याविषयी बोलणार आहे. कोरोनाच्या साथीत आपल्या देशात माणसे किती दगावली? सरकारी उत्तर सुमारे ५ लाख ३३ हजार असे आहे. हे उत्तर कसे तयार झाले, ते आपण पाहू.

या मोजणीत माझाही थोडा हात आहे. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम राज्यभर निघाली, तेव्हा आम्हा शिक्षकांना घरोघर पाठवण्यात आले. ताप मोजायचा, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा आणि तक्ता भरायचा. एका घरी पडद्यामागे कोणीतरी सारखे खोकत होते. दारातल्या आजी म्हणाल्या, “काही नाही सर, सगळे ठणठणीत आहेत.” घरच्या माणसाला उचलून नेतील आणि मोहल्ल्यात दार वाळीत पडेल, ही भीती त्यांच्या डोळ्यांत दिसत होती. मी तक्त्यात ‘निरंक’ लिहिले आणि पुढच्या घराकडे वळलो. संध्याकाळी असे किती ‘निरंक’ एकत्र होऊन जिल्ह्याला गेले असतील, देव जाणे!

सरकारी आकड्याची पहिली पायरी ही अशी असते. माणूस गेला, एवढ्याने तो कोरोनाच्या यादीत जात नसे. त्याची चाचणी व्हावी लागे, ती सकारात्मक यावी लागे, रुग्णालयाने तसे कळवावे लागे आणि ते वेळेवर वर पोहोचावे लागे. चारांपैकी एक कडी तुटली की नाव गळाले. हा सगळा कोणाचा कट होता असे मी म्हणणार नाही. चितेला आणि कबरीला जागा पुरत नव्हती, तेव्हा कागद कुठून पुरणार? तथापि, आकडा कमी दिसला की ज्याला शाबासकी मिळते त्याच्याच हाती मोजणी असेल, तर चुका बहुधा एकाच बाजूला का झुकतात, हेही समजण्यासारखे आहे.

चुका दुरुस्तही झाल्या. आपल्या राज्याने १६ जून २०२० रोजी आधीच्या नोंदी पडताळून १,३२८ मृत्यू एका दिवसात यादीत वाढवले; त्यांतले ८६२ एकट्या मुंबईचे होते. बिहारमध्ये पाटणा उच्च न्यायालयाने विचारणा केल्यावर जून २०२१ मध्ये मृतांचा आकडा ५,४५८ वरून ९,४२९ झाला. फेरतपासणीत एवढा फरक पडत असेल, तर जिथे ती झालीच नाही तिथले काय?

यास्तव संख्याशास्त्रज्ञ दुसऱ्या वाटेने जातात. रोगाचे नाव बाजूला ठेवून ते एवढेच विचारतात, की एरवीच्या वर्षी जितकी माणसे मरतात त्याहून या वर्षी किती अधिक मेली? याला अतिरिक्त मृत्यू म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये या रीतीने २०२० आणि २०२१ या दोन वर्षांचा अंदाज दिला. जगात सुमारे १ कोटी ४९ लाख आणि त्यांत भारतात सुमारे ४७ लाख. त्या मुदतीपर्यंतचा आपला सरकारी आकडा ४ लाख ८१ हजार होता. भारत सरकारने या अंदाजाच्या पद्धतीवरच हरकत घेतली. अंदाज तो अंदाजच, आणि त्याची रुंदीही मोठी होती, ३३ लाखांपासून ६५ लाखांपर्यंत.

परंतु मे २०२५ मध्ये सरकारच्याच जन्म-मृत्यू नोंदणीचे २०२१ चे आकडे प्रसिद्ध झाले. देशात २०१९ साली सुमारे ७६ लाख मृत्यू नोंदले गेले होते, २०२० साली ८१ लाख आणि २०२१ साली १ कोटी २ लाख. एका वर्षात एकवीस लाखांची वाढ! त्यातली काही वाढ नोंदणी सुधारल्यामुळे असेल, आणि इतर आजारांच्या रोग्यांना खाट न मिळाल्याने जे गेले तेही तीतच आहेत. ते वजा करायला माझी ना नाही. मात्र आणखी एक आकडा पाहा. २०२१ साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी ज्यांचे कारण डॉक्टरांनी लिहून दिले ते अवघे २३.४ टक्के. तेवढ्यांतच कोरोनाने गेलेले सुमारे ४ लाख १३ हजार निघाले. आणि त्याच वर्षाचा रोजच्या बातमीपत्रांतला देशाचा हिशेब? सुमारे ३ लाख ३२ हजार. म्हणजे चौथाईहून कमी मृत्यू तपासूनही सरकारचा एक कागद सरकारच्याच दुसऱ्या कागदाच्या पुढे गेला.

हे शंभर वर्षांपूर्वीही घडले आहे. जून १९१८ मध्ये इन्फ्लुएंझा मुंबई बंदरात उतरला आणि पावसाळा सरता सरता त्याने देशभर कहर केला. गावात मयताची नोंद ठेवणारा माणूस काही डॉक्टर नव्हता. तो कारणाच्या रकान्यात ‘ताप’ लिही. पहिल्या सरकारी अहवालाने सुमारे ६० लाख बळी सांगितले. १९२१ ची जनगणना झाली तेव्हा देशातली माणसेच कमी भरली, आणि अंदाज दुप्पट झाला. पुढे किंग्जले डेव्हिस या अभ्यासकाने १९५१ साली तो सुमारे १ कोटी ८५ लाखांवर नेला, तर २०१२ सालच्या एका अभ्यासाने १ कोटी ३८ लाखांवर आणला. एका शतकानंतरही लाखो माणसे इकडून तिकडे करता येतात, कारण मूळ वहीत ‘ताप’ एवढाच शब्द आहे.

आता आपल्या शाळेकडे येतो. एप्रिल २०२१ मध्ये माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील घरीच वारले. रुग्णालयात खाट मिळाली नव्हती. छातीचा स्कॅन काढला होता, पण घशाची चाचणी झालेली नव्हती. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे कोरोनाने गेलेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपयांचे साहाय्य जाहीर झाले, तेव्हा मुलाची आई मृत्यूचा दाखला घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, “सर, यात कोरोना कुठे लिहिलाय ते दाखवा.” मी दाखला दोनदा वाचला. माझे बी.ए., बी.एड. असून मला त्या दिवशी प्रथमच कळले, की आपल्या मृत्यूच्या दाखल्यात कारणाचा रकानाच नसतो! कारण असते ते डॉक्टरांच्या वेगळ्या प्रमाणपत्रात, आणि घरी गेलेल्यांच्या बाबतीत ते पुष्कळदा कोणी घेतच नाही. आम्ही अर्ज केला. चाचणी नाही आणि मृत्यू रुग्णालयात नाही, म्हणून तो नामंजूर झाला.

साहाय्याचे नियम यादीपेक्षा सैल होते, हे खरे. चाचणीनंतर तीस दिवसांत झालेला मृत्यू त्यांत धरला जाई. म्हणूनच गुजरातेत यादीवर दहा हजारांच्या आसपास मृत्यू असताना जानेवारी २०२२ पर्यंत ६८ हजारांहून अधिक दावे मंजूर झाले. त्या सैल नियमातही आमच्या मुलाचे वडील बसले नाहीत. ते ५ लाख ३३ हजारांत नाहीत. एक कोटी दोन लाखांत मात्र आहेत, कारण त्यांच्या भावाने एकवीस दिवसांच्या आत नगरपरिषदेत जाऊन नोंद केली होती.

यानंतर मी जमातीच्या परवानगीने आपल्या कब्रस्तानचे रजिस्टर पाहिले. एप्रिल २०२१ च्या दफनांना महिन्याचे पान पुरले नव्हते. मागे वेगळा कागद डकवलेला होता. नाव, वय, मोहल्ला, तारीख, सारे सुवाच्य अक्षरात. कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता, ‘बीमारी’. तो डकवलेला कागद घेऊन गेल्या सुटीपासून मी आणि दहावीची चार मुले त्या घरांतून जात आहोत. ताप किती दिवस होता, चाचणी झाली होती का, डॉक्टरांचा कागद आहे का, एवढेच विचारतो. निम्म्याहून अधिक घरे झाली आहेत. उरलेल्यांपैकी काही मंडळी आज या सभागृहात बसली आहेत. आम्ही येत्या रविवारी आपल्याकडे येऊ. स्कॅनचे फोटो, औषधांच्या चिठ्ठ्या, जे काही जपून ठेवले असेल ते काढून ठेवावे, ही विनंती.