शाळेच्या दप्तरातली खेळणी : बंदी घालावी का?

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या पालक मेळाव्यात एका निवृत्त शिक्षिकेने केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला जेव्हा सांगितले की, "बाई, तुम्ही तीस वर्षे शाळेत काढली, तेव्हा शाळेने खेळण्यांवर बंदी घालावी की नाही, यावर चार शब्द बोला," तेव्हा खरे सांगते, मला विषय फारच लहान वाटला. पण मग कारण कळले. आपल्या भागातल्या एका शाळेने मुलांच्या डायरीत सूचना लिहून पाठविली आहे की, यापुढे पत्ते, भिंगऱ्या, बाहुल्या असे काही दप्तरात सापडले तर ते जप्त होईल आणि परत मिळणार नाही. त्यावरून आपल्याच वस्तीत दोन तट पडले आहेत. एक ताई म्हणाल्या, "बरं झालं बाई, रोज सकाळी वीस रुपयांसाठी रडारड असते." तर एक भाऊ म्हणाले, "माझ्या घामाच्या पैशाची वस्तू ठेवून घेणारी शाळा कोण?" आपापल्या जागी दोघांचेही बरोबर आहे. म्हणूनच या प्रश्नाचा थोडा शांतपणे विचार करू या.

पहिली गोष्ट अशी की, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं," हे वाक्य आपण मोठ्यांनी बोलू नये. कारण ते खोटे आहे. इथे बसलेल्या किती जणांच्या खिशात गोट्या असायच्या, हात वर करा बघू! आणि त्या गोट्या मास्तरांनी किती वेळा जप्त केल्या, तेही आठवा. गोट्या, भोवरे, काडेपेटीचे छाप, बाटल्यांची बुचे, सगळे झाले. नव्वदच्या दशकात डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पैलवानांचे पत्ते आले. पुढे वेफर्सच्या पाकिटातून टॅझोच्या चकत्या निघू लागल्या, मग बेब्लेड आले, २०१७ साली बोटांवर फिरणारी भिंगरी, म्हणजे फिजेट स्पिनर आले. आता पुन्हा पोकेमॉनचे पत्ते आहेत आणि दात विचकणारी ती लाबुबू बाहुली आहे. नावे बदलतात, पण मधल्या सुट्टीत कोपऱ्यात डोकी एकत्र करून बसलेली पोरे तीच असतात.

आणि हे काही आपल्याकडेच घडते असे नाही. पोकेमॉनचे पत्ते १९९६ साली जपानमध्ये आले आणि १९९९ साली इंग्रजीत अमेरिकेत आले. त्याच वर्षी तिकडच्या कितीतरी शाळांनी त्यांच्यावर बंदी घातली, पाठोपाठ इंग्लंडमध्येही तसेच झाले. कारणेही तीच, जी आपल्या मुख्याध्यापकांची आहेत. वर्गात लक्ष नाही, मैदानात भांडणे, चोऱ्या, आणि मोठी मुले लहानांना फसवून चांगला पत्ता काढून घेतात. इंडोनेशियात २०२३ च्या सुरुवातीला दोरीला बांधलेले दोन गोळे एकमेकांवर टकटक आपटण्याचे वेड आले. आपल्या जत्रेतही ते खेळणे मिळते. मुलांना लागू लागले म्हणून काही ठिकाणच्या शिक्षण खात्याने ते शाळेत आणू दिले नाही. म्हणजे प्रश्न साऱ्या जगाचा आहे आणि शाळा उगीच कडक वागतात असेही नाही.

आता मी माझीच एक चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढे बोलण्याचा मला अधिकार नाही.

पैलवानांच्या पत्त्यांचे ते दिवस होते. मी तेव्हा पाचवीला गणित शिकवीत असे. वर्गात एक मुलगा होता, नाव सांगत नाही. गणितात कच्चा. फळ्यासमोर उभा केला की गप्प. एके दिवशी तास चालू असताना बाकाखाली त्याचे पत्ते चाललेले मी पकडले. मला राग आला. मी त्याला पुढे बोलावले आणि सबंध वर्गासमोर ते पत्ते एकेक करून फाडले. वर्ग हसला. तो रडला नाही, नुसता माझ्या हाताकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही. आठ दिवस झाले, तेव्हा मी घरी गेले. आई धुण्याभांड्याच्या कामावरून नुकतीच आली होती. तिने मला पाणी दिले आणि म्हणाली, "बाई, तुम्ही दोन फटके दिले असते तर मी काही म्हटलं नसतं. पण ते पत्ते त्याचे नव्हते हो. शेजारच्या पोराचे होते, एका दिवसासाठी मागून नेले होते. आता त्याची आई रोज दारात येऊन पैसे मागते. म्हणून तो शाळेच्या वेळात किराणा दुकानात पुड्या बांधतोय."

मी पैसे दिले. मुलगा शाळेत परत आला. पण दहावी होऊन शाळा सोडीपर्यंत त्याने माझ्या तासाला कधी हात वर केला नाही.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. त्या पत्त्यांवर काय असे? प्रत्येक पैलवानाचा क्रमांक, उंची, वजन, छाती, किती कुस्त्या लढला, किती जिंकला. खेळताना कोणता आकडा मोठा ते क्षणात ठरवावे लागे. म्हणजे माझ्या तासाला गप्प बसणारा मुलगा बाकाखाली आकड्यांचीच तुलना करीत होता आणि मी गणिताची बाई, ती संख्या फाडून टाकीत होते!

म्हणून बंदी सरसकट वाईट, असे मी म्हणते का? नाही. तीन ठिकाणी शाळेने स्पष्ट 'नाही' म्हटलेच पाहिजे.

एक, इजा. छर्ऱ्यांची पिस्तुले, टोकदार भोवरे, सुटे होणारे बारीक लोहचुंबक आणि बटणासारखे सेल. हे सेल मुलाने गिळले तर अन्ननलिकेत काही तासांत जखम होते, जीवावर बेतते. दोन चुंबक पोटात गेले तर आतडी मध्ये चिमटली जातात. सरकारने १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे केले आहे. तेव्हा खेळणे घेताना चिन्ह पाहा. नसेल तर घेऊ नका, स्वस्त असले तरी.

दोन, जुगार आणि व्यापार. इथे जरा थांबून समजून घेऊ. गोटी आपण दुकानात बघून घेत होतो. आजचे पत्त्यांचे पाकीट बंद असते, लाबुबूचा डबाही बंद असतो. आत काय निघेल ठाऊक नाही. दुर्मीळ नग मुद्दाम थोडे काढलेले असतात. मुलगा वीस रुपये देतो तो पत्त्यासाठी नव्हे, 'या वेळी निघेल' या आशेसाठी देतो. नाही निघाले की पुन्हा वीस. ही लॉटरीचीच सवय आहे, फक्त तिला रंगीत चित्र लावलेले आहे. अमेरिकेत १९९९ मध्ये काही पालक याच मुद्द्यावर कोर्टात गेले होते की हा मुलांचा जुगार आहे. चीनमध्ये २०२३ साली नियम झाला की, असे बंद डबे आठ वर्षांखालच्या मुलांना विकू नयेत. आकड्याने आणि दारूने आपल्या वस्त्यांचे काय केले, ते मी तुम्हांला सांगायला नको. तेव्हा ही सवय आठव्या वर्षी लागू नये, एवढी काळजी शाळेने आणि आपण दोघांनी घ्यावी.

तीन, तासाची वेळ. शिकवणे चालू असताना हातात खेळणे नको. यावर वाद नाही.

पण मधल्या सुट्टीत चार मुले बसून आपापले पत्ते दाखवतात, देवघेव करतात, तिथे काय बिघडते? उलट बंदी घातली की खेळ थांबत नाही, तो मुतारीमागे जातो, कुंपणाबाहेर जातो. तिथे बाई नसतात, दादा पोरे असतात. आणि ही वेडे आपोआप ओसरतात. २०१७ ची भिंगरी आठवा. उन्हाळ्यात साऱ्या जगात तिच्यावर चर्चा, शाळाशाळांत बंदी, आणि वर्ष संपता संपता ती घराघरांत कपाटाखाली पडलेली. बंदीने ती गेली नाही, मुले कंटाळली म्हणून गेली.

आता बंदीच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा सांगते, कारण तो टाळून चालणार नाही. ज्याच्याकडे नाही, त्या मुलाचे काय? शाळेत गणवेश कशासाठी असतो? कोणाचा बाप काय करतो ते कपड्यावरून कळू नये यासाठी. मग एकाच्या दप्तराला हजार रुपयांची बाहुली लटकत असेल, तर गणवेशाचा उपयोग काय? हा मुद्दा मला पटतो. महागडी वस्तू घरीच राहावी, हा नियम शाळेने जरूर करावा. पण तो सर्वांना सारखा असावा, संचालकांच्या नातवालासुद्धा. आणि मग शाळेने स्वतःकडेही बघावे. महागडे 'प्रोजेक्ट' मागणे, वाढदिवसाला वर्गभर चॉकलेटे वाटायला लावणे, सहलीचे पैसे न भरलेल्यांची नावे मोठ्याने वाचणे, यानेही मूल लहान होते. पत्त्यांवर बंदी आणि याला मोकळीक, हे बरोबर नाही.

आपण विहारात बसलो आहोत म्हणून एक संदर्भ देते. दीघनिकायातल्या ब्रह्मजालसुत्तात खेळांची एक लांब यादी येते. त्यात फासे आहेत, पटावरचे खेळ आहेत, विटीदांडूसारखा खेळ आहे, कोलांट्या आहेत, लहान मुलांचे नांगर, पानांची भिरभिरी, छोटे रथ, छोटे धनुष्य, सगळे आहे. काही श्रमण-ब्राह्मण श्रद्धेने दिलेले अन्न खाऊन असल्या खेळांत वेळ दवडतात, तथागत मात्र त्यापासून दूर आहेत, असे तिथे सांगितले आहे. कोणी हे दाखवून म्हणेल, बघा, बंदी आहे! पण ही गोष्ट गृहत्याग केलेल्यांची आहे. मुलांच्या हातातला रथ काढून घ्या, असे तिथे म्हटलेले नाही.

मुलांशी कसे वागावे ते उदानात दिसते. श्रावस्ती आणि जेतवनाच्या मध्ये काही मुले मासे पकडून त्यांचे हाल करीत होती. भगवंतांनी त्यांना दटावले नाही. जवळ जाऊन विचारले की, मुलांनो, तुम्हांला दुःखाची भीती वाटते का, दुःख तुम्हांला नकोसे वाटते का? मुले हो म्हणाली. मग पुढचे सांगितले. आधी प्रश्न, मग उपदेश. मी त्या दिवशी पत्ते फाडण्याआधी एवढेच विचारले असते की, "बाळा, हे कोणाचे आहेत?" तर आठ दिवस एक मूल पुड्या बांधत बसले नसते.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. शाळेने नियम करावा, पण आधी पालकांची सभा घ्यावी आणि कारण मुलांना समजेल असे सांगावे. वस्तू काढून घेतली तर पाकिटात घालून वर नाव लिहावे आणि शनिवारी पालकांच्या हाती द्यावी. फोडू नये, फाडू नये, वर्गासमोर अपमान करू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मुलाला शारीरिक शिक्षा तर नाहीच, पण मानसिक त्रास देण्यालाही मनाई आहे. हे आपल्यालाही माहीत असू द्या आणि शिक्षकांशी बोलताना नम्रपणे सांगा.

पालकांनीही सगळे शाळेवर टाकू नये. रोजचे वीस रुपये देण्याऐवजी आठवड्याची ठरावीक रक्कम द्या आणि हिशेब त्यालाच ठेवू द्या. बंद पाकिटे किती घेतली आणि हवा तो पत्ता किती वेळा निघाला, हे एकदा त्याच्याबरोबर बसून मांडा. तुमच्या उपदेशापेक्षा तो हिशेब जास्त बोलेल. आणि मुलगा पैसे न विचारता घेत असेल, तर चोर म्हणून मारण्याआधी, कोण काय मागतोय, कोणाचे देणे आहे, ते विचारा.

शेवटी कार्यकारिणीकडे एक मागणी. रविवारी दुपारी चार ते सहा हा हॉल रिकामा असतो. तो मुलांना द्या. ज्यांच्याकडे पत्ते आहेत त्यांनी आणावेत, ज्यांच्याकडे नाहीत त्यांनीही बसून खेळावे. पैशाचा व्यवहार नको, एवढीच अट. आणि इथे बसलेल्या आजोबांनी भोवऱ्याला जाळी कशी गुंडाळायची ते शिकवावे, आज्यांनी सागरगोटे आणावेत. पहिल्या रविवारी लक्ष ठेवायला मी स्वतः येऊन बसेन.

 काही चुकले असेल तर बाईचे वय झाले म्हणून सोडून द्या. जयभीम! नमो बुद्धाय!